वर्षालीचा दोरा अन् तानाबाई

पवनारात कोणालेही विचारा, चंद्रभान वांगेवाला कोण, तं माह्या वावराचा रस्ता दाखवतीन. पण वर्ध्यात आता मले लोकं 'वर्षाली मॅडमचा भाऊ' म्हणते. म्हणू द्या! मी नववीत शाळा सोडली, माह्या बहिणीनं डोळे तपासाचं पूरं कॉलेज केलं. अन् नुसतं चश्म्याचं नाई बरं! डोक्याले मार लागून ज्याची नजर बिघडते, त्याले ते पुन्हा नीट पाहाले शिकवते. असं दुसरं कोणी असन तं आणून दाखवा.

पैले चश्म्याच्या दुकानात होती. मालक म्हणे, "मॅडम, फ्रेमा विका. व्यायामानं कोणाची नजर सुधरते काय?" तिनं नोकरीच सोडली अन् वर्ध्यात एक खोली घेतली. पैला पेशंट बरा झाला तं खोली चालन, नाई तं पुन्हा फ्रेमा विकाच्या, हे आम्हाले दोघाईलेही माहीत होतं.

पैली आली नाचणगावची गोपिका, भाजीवाली. गाडीवरून पडली, डोकं आपटलं. डोक्याचा फोटो साफ निघाला, डॉक्टरनं घरी पाठवलं. पण बाजारात बसली का गरगरे, काट्यावरचे आकडे दोन-दोन दिसे. चश्म्याचा नंबरही निघे नाई. मंग सासू तानाबाईले आयतंच झालं, "नंबर नाई तं दुखणं कायचं? कामचोर हाये."

वर्षालीनं तपासलं. जवळचं पाहाले गोपिकेचे दोन्ही डोळे एकासंगं वळत नव्हते. तिनं रंगीत मणी ओवलेला लांब दोरा देला. एक टोक खिडकीले बांधाचं, दुसरं नाकापाशी धराचं, अन् एकेका मण्यावर नजर ठेवाची.

पुढच्या खेपेले मी तिथंच होतो. पाहतो तं काय, दोरा गोपिकेच्या दंडाले बांधलेला!

"शनिवार पाहून बांधला, मॅडम," तानाबाई म्हणे. "धूपही दाखवला. तुमच्या दोऱ्याले काई गुण नाई."

मी हसाले लागलो. वर्षालीनं डोळे वटारले, तं गप.

"मावशी, याच्यात मंत्र नाई. या, तुम्हीच बसा." तिनं दोरा सोडून खिडकीच्या गजाले बांधला, दुसरं टोक तानाबाईच्या नाकापाशी धरलं. "जवळच्या लाल मण्याकडं पाहा. लाल मणी किती दिसते?"

"एकच. मले आंधळी समजली काय वो?"

मंग गोपिका बसली. "दोन," हळूच म्हणाली.

"खोटं बोलते!"

वर्षालीनं गोपिकेचा एक डोळा झाकला. "आता?"

"एक."

हात काढला. "आता?"

"पुन्हा दोन झाले."

तानाबाईचं तोंड उघडंच राह्यलं. "अवं माय! मंग काटा कसा वाचे वो तू?"

"अंदाजानं."

"म्हून तं गिऱ्हाईक तुह्यापाशीच गर्दी करे!"

गोपिका पडल्यापासून पैल्यांदा हसली.

त्या दिवसापासून दोऱ्याचं टोक खिडकीले नाई, तानाबाईच्याच हातात. "खिडकी काई सूनबाईवर ध्यान ठेवते काय?" म्हणे. दोन लाल मण्याईचा एक मणी झाला, मंग नाकाजवळ आणला तरी एकच राह्यला. पुढं वर्षालीनं गोपिकेले गर्दीची हळूहळू सवय लावली, पैले रिकाम्या रस्त्यानं फिरवलं, मंग बस स्टँडवर. दिवाळीनंतर देवळीच्या बाजारात मीच पाह्यलं, गोपिका टमाटर तोलून राह्यली होती अन् गिऱ्हाइकासंग भांडूनही.

तानाबाईनं पुलगावच्या बसमध्ये पूरा किस्सा इतक्या जणाईले सांगितला का आता खोलीबाहेर बाकडं पुरत नाई. कबड्डीत डोकं आपटलेला पोरगा, बांधकामाच्या परांचीवरून पडलेला मिस्त्री, सारे येते.

वर्षाली मले म्हणते, "दादा, एवढं मोठं करून नको सांगत जाऊ. सगळेच पूरे बरे नाई होत."

मी म्हणलो, "तू तपास. सांगाचं मी पाहतो."