कायम पहिली पाळी

कुठलाही कागद हातात आला की तो आधी त्याचा कोपरा बघायचा. कोपऱ्यात शिक्का नसला तर बोटाने टिचकी मारून विचारायचा, "आवक नंबर कुठाय?" मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेलो, तेव्हाही त्याने आधी कोपराच पाहिला.

आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. नव्वदच्या दशकात जव्हारजवळच्या एका पंपघरात आम्ही बरोबर होतो. ऑपरेटर चौघे, पाळ्या तीन. मी मोखाड्याकडच्या पाड्यावरून पाइपलाइनचे चर खणायला आलेला गडी. भांडून भांडून ऑपरेटर झालो. कोणी हाताला धरून बसवलं नाही, हे मी तेव्हाही सांगायचो आणि आजही सांगतो.

पाळ्यांची अदलाबदल माझ्या हातात होती. कोणाला रविवार हवा, कोणाला लग्नाला जायचंय, सगळे माझ्याकडे येत. "दोन रात्री घे, एक दिवाळी दे," असा आमचा बाजार चाले. नोंदवहीत मात्र तक्त्यावर असेल तेच नाव लिहायचं, मग मशीनवर कोणी का असेना. ही आमची रीत. साहेबांना ती माहीत होती आणि नव्हतीही. मला बघितलं की भाऊ हसून म्हणायचा, "काय शेट, रात्रीचा आज काय भाव?"

त्याला पहिली फिट आली ती दुपारपाळीत, चालत्या पंपाच्या शेजारी. लगेच एकाने कांदा फोडला आणि मी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाला लावली. आमच्याकडे हेच करत. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "चप्पल कोणाची?"

"माझी."

"नवी घे आता."

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "असा माणूस यंत्रावर नको. घरी बसा." मी असतो तर टेबल उलथं केलं असतं. भाऊ म्हणाला, "लेखी द्या." लेखी कोण देतो? मग तो नाशिकला मोठ्या डॉक्टरला दाखवून आला. गोळ्या आणल्या, दाखला आणला. रात्रीची झोप मोडायची नाही, उंचीवर आणि चालत्या यंत्रापाशी एकटं राहायचं नाही, असं त्यात होतं. त्यावर त्याने अर्ज लिहिला. कार्बन घालून तीन प्रती काढल्या, तिन्हींवर शिक्का घेतला आणि दर सोमवारी कचेरीत जाऊन विचारत राहिला, "माझ्या आवक नंबरचं काय झालं?"

पावसाळा संपता संपता आदेश आला. कायम पहिली पाळी, सकाळी सहा ते दोन. टाकीवर चढायचं नाही. पंपापाशी जोडीला माणूस.

तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. आवाज चढवत नाही, पाया पडत नाही, आणि आपण बारा वर्षं घसा फोडून जे मागतोय ते घेऊन जातो. पहिली पाळी मलाही हवी होती. दुपारनंतर बाजारात बसायचं, रात्री घरी झोपायचं, एवढंच माझं मागणं होतं. ते मिळालं त्याला, आणि त्याच्या वाट्याच्या रात्री आम्हा तिघांत वाटल्या गेल्या. तो संध्याकाळी आठला जेवायचा आणि नऊला अंथरुणात. वर म्हणायचा, "ही माझी दुसरी ड्यूटी." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लोक नोकरीसाठी जागतात, हा नोकरीसाठी झोपतो.

त्याने पंपघराच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. 'फिट आली तर : कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा. चप्पल लावू नका.' शेवटची ओळ माझ्यासाठी होती. अक्षर असं, की छापलंय वाटावं.

पुढे एका वर्षी आमच्याकडचा बोहाडा आला. तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो : देवादिकांचे मुखवटे घालून, संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचतात, आणि कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं हे ठरलेलं असतं. आमच्या घरात भीम. वडील गेल्यावर दोन वर्षं माझी रात्रपाळी आडवी आली आणि भीम नाचला नाही. यंदा मी आलो नाही तर सोंग चुलत्याच्या घरी जाणार, असं गावाने सांगून टाकलं होतं. तक्त्यावर त्या रात्री पुन्हा माझंच नाव. बाकीच्या दोघांत एक स्वतः बोहाड्यात, दुसऱ्याशी माझं महिनाभर बोलणं नव्हतं.

मी भाऊकडे गेलो. "चार रविवार देतो. दिवाळीपण घे."

"माझ्याकडं द्यायला रात्र नाय, शेट. तू अर्ज कर."

"अर्जावर भीम नाचत नाय." माझं डोकं फिरलं. "तुझं बरं हाय. आजाराचं खातोस, आणि जागायचं आम्ही."

त्याने तक्त्यावरचं माझं नाव बघितलं आणि म्हणाला, "एकच रात्र. परत मागू नको."

मी नाचलो. मुखवटा उतरवला तेव्हा बायका भीमाच्या पाया पडत होत्या, आणि मला वाटलं की आज भाऊपेक्षा मी मोठा.

तिकडे भाऊने माझी रात्र काढली आणि सकाळी सहाला लगेच त्याची स्वतःची पाळी सुरू झाली. दहाच्या सुमारास तो कोसळला. व्हॉल्व्हच्या चाकावर तोंड आपटलं, पुढचे दोन दात गेले, भुवई फाटली. जोडीदाराने त्याला कुशीवर वळवलं, घड्याळ बघितलं. चप्पल कोणी लावली नाही.

आठवड्याभरात कचेरीचं पत्र आलं, या वेळी लेखी, शिक्क्यासकट. पुरेशी झोप आणि पहिली पाळी देऊनही फिट येते, तर सवलतीचा उपयोग काय? सेवेस अपात्र का ठरवू नये, सात दिवसांत खुलासा करा.

मी त्याच्या घरी गेलो. पत्र उशाला होतं. त्याच्या कोपऱ्याकडे त्याने बघितलंही नाही.

"खुलासा का नाय देत?"

"काय देऊ? वहीत नाव तुझं हाय. लिवलंय मी. खरं सांगितलं तर तू जातोस."

"आणि नाय सांगितलं तर?"

"मी जातो." टाके घातलेल्या तोंडाने तो हसायला गेला. "तुला सकाळ मिळंल."

खोटं कशाला बोलू, ते माझ्या आधीच मनात येऊन गेलं होतं. आदल्याच दिवशी त्याच्या बदली पाळीला जाऊन मी त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं होतं. खिडकीतून कोवळं ऊन टेबलावर येतं, वही समोर, चहा वेळेवर. खुर्ची मला बरोबर बसत होती. चार दिवस मी तिच्यात बसलो. पाचव्या दिवशी मागची पानं उलटताना त्या रात्रीची नोंद समोर आली. तासातासाचे आकडे, एक चुकलेला नाही. खाली माझं नाव. जन्मभर खऱ्याला धरून राहिलेल्या माणसाने लिहिलेलं.

मी कोरा कागद घेतला आणि त्या रात्री मशीनवर खरं कोण होतं ते लिहायला बसलो. हात वळत नव्हता, तीन कागद फुकट गेले. साहेबांनी अर्ज वाचला, वही पाहिली. "हे अक्षर तुझं नाही."

"माझं असं असतं तर मी इथं कशाला असतो, साहेब?"

भाऊची पहिली पाळी राहिली. मला सहा महिने सलग रात्रपाळीचा आदेश झाला. मी भाऊला सांगायला गेलो, म्हटलं आता हा हात धरेल, चार शब्द बोलेल. तो म्हणाला, "आवक नंबर घेतलास?"

"घेतला."

"दाखव." त्याने कोपरा पाहिला, मान डोलावली आणि घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजायला आले होते. मला उठावं लागलं. ते चार शब्द त्याच्याकडून अजून यायचे आहेत.

पुढे तो निवृत्त होऊन वांगणीकडे आपल्या शेतावर गेला. तिथेच एका सकाळी, झोपेतच, गेला म्हणतात. ड्यूटीवरच म्हणायचं. माझ्याशिवाय सगळे जाऊन आले. मी पहिल्या पाळीवर होतो. ती मला नंतर अशीच मिळाली, न भांडता, ज्येष्ठतेने. आता नऊला मीही आडवा होतो. डोळा लागत नाही.

जुन्या वह्या कपाटात आहेत. कधी दुपारी काम आटपलं की ती एक काढतो आणि ते पान उघडतो. आकडे बघत नाही, खालचं नाव बघतो. माझं नाव इतकं देखणं मला एकदाही लिहिता आलेलं नाही.