कोठीच्या भिंतीतली पन्हळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धाकट्या भावालाही नाही — आणि तो तर त्याच घरात वाढला. मग तुम्हाला का सांगते आहे? उद्या कदाचित तुम्ही ते घर बघायला जाल, म्हणून असेल. दर्यापूरहून अकोटकडे जाताना आमचं गाव लागतं. घर आता संरक्षित आहे, दारात माहितीची मोठी पाटी आहे.

घर चांगलं आहे हो, त्यात खोटं काही नाही. धाब्याचं घर — सागाच्या तुळयांवर मातीचं सपाट छत. भिंती इतक्या रुंद की लहानपणी मी कोनाड्यात पाय दुमडून बसायची. बाहेर वैशाखाचं ऊन अंग भाजत असताना आत चादर ओढावीशी वाटते. खांबांवर पोपट कोरलेले आहेत. त्यातल्या एकाची चोच मी मोडली, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बारक्या चुका कबूल करायला मला फार आवडतं. त्यानं माणूस प्रामाणिक वाटतो.

घराच्या मागच्या अंगाला धान्याची कोठी आहे. तिच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, एक दगडी पन्हळ आरपार बसवलेली आहे. तिचा उतार बाहेरच्या गल्लीकडे. पाटीवर तिच्याविषयी लिहिलंय — पावसाचं पाणी वाहून नेण्याची पूर्वजांची कल्पक सोय. ती माहिती मी दिलेली. अमरावतीहून एक तरुण आर्किटेक्ट मुलगी मापं घ्यायला आली होती. हुशार होती. वर बघून म्हणाली, इथे तर छत आहे. मी म्हटलं, पूर्वी उघडं अंगण होतं, छत मागाहून घातलं. किती पटकन सुचलं मला! जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, पुराव्याशिवाय तोंड उघडू नका म्हणून पोरांना दरडावलं — लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मी मोठी बाई, घर माझ्या माहेरचं. त्या मुलीनं विश्वास ठेवला.

छत पहिल्यापासून आहे. त्या कोठीत पावसाचा थेंब कधी पडलेला नाही.

मग पाणी कुठलं वाहायचं? वेचणीच्या दिवसांत आमच्या घरामागच्या वावरात बौद्ध वस्तीतल्या बाया कापूस वेचायला यायच्या. दुपारी तहान लागली की मागच्या गल्लीत येऊन उभ्या राहायच्या. आमच्या रांजणाला त्यांचा हात लागायला नको होता, आणि बहुतेक आम्हाला त्यांचं तोंडही बघायला नको होतं. म्हणून आतून कुणीतरी गडव्यानं पन्हळीत पाणी ओतायचं आणि बाहेर त्या वाकून ओंजळ धरायच्या. त्यांनी धर्म बदलून वर्षं झाली होती. आमचं घर काही बदललं नव्हतं.

हे कुणीतरी म्हणजे बरेचदा मी. दुसरी-तिसरीतली पोर. पन्हळीतून पलीकडचं दिसायचं — चेहरे नाही, नुसते हात. बोंडांनी ओरखडलेले. आणि मी... मी ओतता ओतता मधेच गडवा सरळ करायची. धार तुटायची. हात तसेच थांबून राहायचे. मला हसू यायचं. पोटभर हसून झालं की पुन्हा ओतायची. ओतायला मला घरच्यांनी शिकवलं होतं. थांबायचं माझं मीच शोधून काढलं.

पण मला सांगायचंय ते हेही नाही. तेव्हा लहान होते, असं म्हणून सुटता येतं. पाटी लागली त्या दिवशी मी लहान नव्हते. रिटायर झालेली, चष्मा लावलेली, सत्काराची शाल अंगावर घेतलेली बाई होते.

त्या दिवशी सगळा गाव घर बघायला लोटला होता. त्यात शेवंतामाय होती. आमच्याकडे वेचणीला यायची, आता पार वाकलेली. दर्यापूरला नर्स असलेली तिची सून सुजाता तिला हाताला धरून घेऊन आली होती. मी पाहुण्यांना मागच्या गल्लीतून पन्हळ दाखवत होते, आणि शेवंतामायनं पुढे होऊन दगडावर हात ठेवला.

"हेच मा थे! इथूनच पानी ये. अंदर एक पोरगी राहे, मधातच धार बंद करे अन् हासे. कोन व्हती वो बाई, थे पोरगी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. नुसतं कुतूहल होतं. इतक्या वर्षांनी फक्त नाव विचारत होती ती! सगळे माझ्याकडे बघायला लागले — सरपंच, पाहुणे, माझे जुने विद्यार्थी. आणि मी हसले. हो, हसलेच. तिच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, नाही मावशी, ही पावसाच्या पाण्याची आहे, तुम्हाला दुसरं कुठलं तरी घर आठवत असेल.

सुजाता ओशाळली. आजकाल त्यांच्या ध्यानात राहत नाही, म्हणाली. शेवंतामायनं दगडावरचा हात काढून घेतला. "असन बाई. माहंच चुकलं असन."

नंतर एकदा दर्यापूरच्या स्टँडवर सुजाता भेटली. तिच्या मनात काही नव्हतं, सहज बोलत होती. सासूबाई पूर्वी रोज जुन्या गोष्टी सांगायच्या, आता सांगतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, "जाऊ दे वो, मले नसलेलं दिसते." नातवंडांनी शेवंतामायला तिची आई कशी होती विचारलं, तरी असंच म्हणाली. मी काय केलं? तब्येतीला जपा म्हटलं आणि बसमध्ये चढले.

गेल्या उन्हाळ्यात शेवंतामाय गेली. मी तिच्या घरच्यांना भेटायला गेले. चार शब्द बोला म्हणाले, तेव्हा फार कष्टाळू होत्या, इतकंच बोलले. पाटी अजून आहे तशीच आहे.

शेवंतामायचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं. पन्हळ तीच होती, आत पोरगी होती. ती मी.