डावीकडची रेघ

आमच्या घरात भुताखेतांची टिंगल करणारी मी एकटीच. एसटी डेपोत कारकुनी केली, दिवसभर वैतागलेली जिवंत माणसं बघितली... मेलेल्यांची भीती कुठून वाटणार? तरी हे लिहितेय, मनातून जात नाही म्हणून.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आम्ही दोंडाईच्याचे. सासूबाईंच्या डाव्या स्तनाला कॅन्सर. ऑपरेशन झालं आणि धुळ्याच्या एका इस्पितळात ‘शेक’ सुरू झाले — किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेकच म्हणायचे. मला नोकरी, म्हणून रोज त्यांना एसटीने घेऊन जायच्या त्या अक्का, म्हणजे सासऱ्यांच्या विधवा बहीण.

पाठीखाली तिरकी फळी, डावा हात डोक्यावर, छातीवर जांभळ्या रेघा. पहिल्या दिवशी मीही गेले होते. मशीनवाले भाऊ म्हणाले, “ताई, या बाजूला आत लगेच हृदय आहे. रेघ धरून किरण तिरके निघून गेले पाहिजेत. रेघेला पाणी लागू देऊ नका.”

अक्कांनी ते इतकं मनावर घेतलं की सासूबाईंचं अंग पुसायचं कामही मला देईनात. माझ्यावर भरवसाच नव्हता. अकरा वर्षांत एक बरा शब्द नाही... भाकरी जाड, चाल हळू, बोलणं फार.

तीन आठवडे झाले आणि एका शनिवारी दुपारी, लसूण सोलता सोलता अक्काच गेल्या. बसल्या जागी.

रविवारी सकाळी सगळं उरकलं. मग भावकीतल्या बायकांनी रीतीप्रमाणे सासूबाईंना डोक्यावरून आंघोळ घातली, साबण लावून चोळलंसुद्धा. मी आल्यागेल्याचा चहा करत होते, माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी बघते तर मधली रेघ पुसट, डावीकडची पार गायब. तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध घरात होतं. काडीला कापूस गुंडाळला आणि अंदाजाने रेघ ओढली. सासूबाईंना म्हटलं, जरा ठळक केली. आणखी कुणाला काही सांगितलं नाही. बोलणी खायचं त्राण नव्हतं, खरं तेच सांगते.

सोमवारी रजा टाकून मीच त्यांना घेऊन गेले. खरं सांगून टाकावं, असं बसमध्ये सारखं वाटत होतं. पण आम्ही पोचलो तर भाऊ हातात टेप आणि जुना कागद घेऊन उभे.

“चला आजी, आज आधी परत मोजू.”

बऱ्याच वेळाने बाहेर आले. “दोन बोटं मागे गेली होती, ताई. तशीच मशीन लावली असती तर हृदयात गेले असते किरण. बरं झालं, अक्कांनी सांगितलं.”

“कधी?”

“आत्ता सकाळी. मी कुलूप काढत होतो, तर दारातच उभ्या. म्हणे, ‘भाऊ, डावी रेघ दोन बोटं मांगे सरकेल शे, परत मोज.’ कुठे गेल्या, चहाला?”

मी सांगितलं. भाऊ माझ्याशेजारी बाकावर बसले.

सासूबाई पुढे चौदा वर्षं जगल्या. भाऊंनी रेघ बघून ओळखलं असेल, बाकी भास, असं मी स्वतःला खूप समजावलं. पण त्यांनी टेप हातात घेतला तेव्हा आम्ही नुकत्याच दारात पोचलो होतो, पदरही सरकलेला नव्हता. रेघ मी अंदाजाने ओढली हे तर माझ्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

एक मात्र मी घरी कुणाला सांगितलं नाही. निघताना भाऊंनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच म्हणाले, “अक्का जाताना अजून एक बोलल्या होत्या... ‘सूनले काही बोलू नको रे भाऊ. थकी जायेल शे ती.’”

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. अक्का गेल्यापासून तोवर मला रडायला वेळच झाला नव्हता.