छपरावर माणूस आहे

शर्टाच्या खिशावर दोनदा थाप मारायची, चावी आहे ना बघायचं आणि म्हणायचं, "आधी कुलूप, मग हात." ही काकांची सवय. त्यांचा उभा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेला. वायरीवर काम काढलं की मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप घालायचे. वर चढलेला माणूस खाली उतरलेला दिसल्याशिवाय ते काढायचे नाहीत. चावी साहेबालाही द्यायचे नाहीत. अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी नर्स, नाशिक रोडला त्यांच्याच कॉलनीत राहणारी. आम्ही एकाच तुकडीतून स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेतल्या मलावीला गेलो. पहिले तीन आठवडे प्रशिक्षण, मुक्काम खेड्यातल्या घरांत. जमलं नाही तर परत पाठवणार, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काका धास्तावले होते.

"रिटायर झाल्यापासून पाच वर्षं घरात नुसता पेपर वाचला, सिस्टर. इथनं हाकललं तर तोंड कुठं दाखवू?"

तिथली यजमानीण पाहुण्याच्या हातावर पाणी घालताना गुडघे टेकते. काका इतके अवघडले की तेही तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. ती उठेना, हे उठेनात. पाणी सगळं जमिनीवर गेलं.

सहाव्या दिवशी आम्हाला गावच्या दवाखान्यात नेलं. छपरावरची जुनी वायर बदलायची होती. तिथला एक वायरमन वर चढून मागच्या बाजूला गेला. खाली काकांनी मेनला कुलूप घातलं. थोड्या वेळानं एका बाईला घाईघाईनं आत आणलं आणि ती लगेच बाळंत झाली. बाळ रडेना. घशातलं पाणी ओढायचं मशीन विजेवर चालणारं, आणि वीज तर बंद.

तिथली मुख्य नर्स बाहेर धावली आणि काकांपुढे हात पसरला. काकांनी एका हातानं खिसा मुठीत धरला, दुसऱ्यानं छपराकडे बोट दाखवलं. "मॅन अप. नो."

मी आत रबरी फुग्यानं बाळाला हवा देत होते. तिथूनच ओरडले, "काका, चावी द्या. पोर मरतंय."

"वरचाही मरेल, सिस्टर."

मी त्यांना नको ते बोलले. ते ऐकत थांबले नाहीत. शिडी चढले, हाका मारत छपरावरून पलीकडे गेले, त्या माणसाला दंडाला धरून खाली आणलं आणि मगच कुलूप काढलं. चार मिनिटं गेली असतील. तेवढ्यात बाळ निळं पडलं होतं. मशीन सुरू झालं आणि ते रडलं.

संध्याकाळी चौकशी झाली. काकांनी आणीबाणीत मुख्य नर्सचा आदेश मोडला, असा अहवाल लिहिला गेला. छपरावर माणूस होता, हे त्यात कुठंच नव्हतं. साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी सगळं वाचलं आणि सही केली. राग होताच, पण खरं सांगते, तोंड उघडलं तर मलाही परत पाठवतील ही भीती जास्त होती. दुसऱ्या दिवशी काकांना विमानात बसवलं. जाताना एवढंच म्हणाले, "बाळाकडं लक्ष ठेव."

दोन वर्षांनी मी परतले, तेव्हा काका जाऊन सहा महिने झाले होते. त्यांच्या घरी भेटायला गेले. काकूंनी चहा टाकला.

"त्यांना तिथलं पाणी सोसलं नाही ना गं," त्या म्हणाल्या. "तू होतीस म्हणून धड घरी पोचलो, असं सारखं सांगायचे."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी मान खाली घालून तो फिरवू दिला.