त्यानं मोकळी सोडलेली जागा

"हुआ था?" असं तो स्वतःलाच विचारायचा, आणि उत्तर हो आलं तरच गाण्यातली ओळ तोंडातून काढायचा. जिन्याच्या कठड्यावर दोन बोटांनी ठेका, डोळे मिटलेले. मध्येच थांबून "हुआ था?" मग मान हलवून ती ओळ सोडून द्यायचा. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. मीही तेच म्हणालो होतो.

तो आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. मी फौजेत ड्रायव्हर होतो. शेवटची नोकरी चंडीगडजवळ चंडीमंदिरच्या छावणीत झाली, आमच्या हिला बत्तीस सेक्टरच्या दवाखान्यात आयाचं काम लागलं, आणि साताऱ्याकडं परत जाणं राहून गेलं. चंडीगडच्या कडेला एका वस्तीत घर बांधलं. वरची खोली त्याला हिनंच दिली. मी नको म्हणत होतो. गाणारा भाडेकरू कोण ठेवतं? त्यात ह्याचं गाणं म्हणजे नुसतं भांडण. सूर नाही, ठेका आहे, आणि शब्द असे पळतात जणू मागं कुत्रं लागलंय. त्याला रॅप म्हणतात. ही म्हणाली, "भांडतोय तर भांडू दे. आपल्याशी भांडत नाही ना?"

दिवसा तो स्कूटरवर लोकांची जेवणं पोचवायचा आणि स्वतः आमच्याकडं भाकरी खायचा. ही त्याला "काकांना विचार" म्हणायची, ते ऐकून मला काकाजी म्हणायला लागला. पंजाबीत काका म्हणजे बाळ. गल्लीतली माणसं मला विचारायची, "ओ काके, दूध पी लिया?" मी सत्तरी ओलांडलेला माणूस.

खरेपणाचं त्याला वेडच होतं. एका गाण्यात त्यानं म्हटलं, चार दिवस उपाशी होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड पाडून खाली आला.

"काकाजी, चार नहीं था. डेढ़ दिन था."

"मग राहू दे की. कोण मोजतंय?"

"मैं."

दीड घातलं. ठेका लंगडा झाला, तरी घातलं.

एकदा एक व्हिडिओवाला आला. भाड्याची मोठी गाडी आणि खेळण्यातलं पिस्तूल घेऊन. त्याशिवाय गाणं चालत नाही म्हणे. ह्यानं ते पिस्तूल असं धरलं, जसं कुणी दुसऱ्याचं ओलं झालेलं पोर धरावं. मग परत दिलं आणि गच्चीवर, हिच्या वाळत घातलेल्या सांडग्यांशेजारी उभा राहून गायला. मध्येच ही ओरडली, "अरे मेल्या, चपला काढ! सांडगे तुडवशील!" ते गाण्यात आलं. व्हिडिओवाला म्हणाला, काढून टाकू. हा म्हणाला, "क्यों? हुआ था ना."

ही गेल्या थंडीत गेली. ते गाणं माझ्या फोनमध्ये आहे. मी लावत नाही. लावायची भीती वाटते, आणि चुकून पुसलं जाईल ह्याचीही वाटते.

भीतीचं मी लपवत नाही. ती होती तोवर घरात कुणी भ्यायचं हा प्रश्नच नव्हता. ती गेली आणि ते काम माझ्याकडं आलं. आता मांजरानं पत्र्यावर उडी मारली तरी मी दचकतो.

त्यात ह्यानं बापाचं गाणं केलं.

बाप प्लास्टरचं काम करायचा. उंच इमारतीला बांधलेल्या बांबूंवरून पडला आणि मेला. कमरेला पट्टा नव्हता, कारण ठेकेदारानं दिलाच नव्हता. ठेकेदारानं मात्र गावभर केलं, पिऊन चढला होता. तो बाप कधी दारूला शिवला नव्हता. आई लाजेनं गावी निघून गेली ती परत आली नाही. हे सगळं गाण्यात होतं, आणि फिरून फिरून एकच यायचं, "मेरा बाप पीता नहीं था."

इथपर्यंत ठीक. पण आपला शाहीर शेवटाला स्वतःचं नाव घालतो ना, तसं इथले गाणारेही घालतात. ह्यानं त्या जागी ठेकेदाराचं घातलं. ते मी इथं लिहीत नाही. तो आमच्याच वस्तीत राहतो.

गाणं अजून बाहेर आलं नव्हतं. गल्लीतल्या पोरांना तेवढं ह्यानं ऐकवलं होतं. तेवढं पुरलं. दोन माणसं माझ्या दारात आली. अदबीनं बोलली. पाणी मागितलं, प्यायली.

"बाबा जी, ऊपर वाले को समझाओ. आपकी सीढ़ियाँ बड़ी खड़ी हैं. इस उमर में आदमी फिसल जाता है."

जाताना दोन्ही ग्लास स्वतः धुऊन पालथे घातले. धमकीपेक्षा मी भ्यालो ते त्या ग्लासांना.

तो कामावरून आला तसं मी म्हणालो, "नाव काढ."

"हुआ था, काकाजी."

"झालं रे. नाही झालं असं कोण म्हणतंय? मला भीती वाटते, कळतंय का तुला?"

"क्या बोले वो?"

"जिना उभा आहे म्हणाले."

तो जिन्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "निकाल देता हूँ."

"दुसरं घाल कुठलं तरी. खोटं."

"वो नहीं होगा."

नावाच्या जागी त्यानं काहीच घातलं नाही. नाव घ्यायला लागतो तेवढा वेळ नुसता ढोल वाजतो, तोंड बंद. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. मेल्या माणसाची अब्रू राखायला जिवंत माणूस मोडू नये.

गाणं त्यानं फोनवर लोकांपुढं टाकलं आणि खोली सोडली. "मैं यहाँ रहूँगा तो वो यहीं आएँगे." हिच्या फोटोच्या पाया पडला. कुठं चाललास हे मी विचारलं नाही. जे मला माहीतच नाही, ते मारून काय काढून घेतील?

इथं कडक उन्हाळ्यात रस्त्यावर मंडप घालून येणाऱ्याजाणाऱ्याला थंड गोड गुलाबी दूधपाणी पाजतात. छबील म्हणतात. आमच्या वस्तीतली तोच ठेकेदार घालतो. मी गेलो. न जाणारा डोळ्यावर येतो. तो स्वतः पळीनं ग्लास भरत होता. "पियो बाबा जी, गर्मी बहुत है."

पोरांनी स्पीकर लावला होता. एक गाणं संपलं आणि ह्याचं सुरू झालं. स्पीकरची वायर कुठून आलीय ते मी शोधायला लागलो. ठेकेदार आपला ग्लास भरतोय, शब्दांकडं लक्षच नाही. त्यानं ते कधी ऐकलंच नसावं. ऐकायला त्यानं माणसं ठेवली होती.

गाणं शेवटाला आलं. ती मोकळी जागा आली. आणि मंडपातल्या सगळ्या पोरांनी एका दमात ठेकेदाराचं नाव घेतलं. आईच्या कडेवरच्या पोरीनंसुद्धा.

तो खूश झाला. पळी धरलेला हात वर केला, पुढारी करतात तसा. त्याला वाटलं, पोरं आपला जयजयकार करतायत.

मग पुढची ओळ आली. मेरा बाप पीता नहीं था. तीही पोरांनीच म्हटली. रांगेत दोन प्लास्टरवाले उभे होते, कोपरापर्यंत सिमेंट. त्यांनीही म्हटली, हळू.

हात वरच राहिला. पळीतलं गुलाबी दूध त्याच्या बाहीत उतरत होतं.