शिशाचा पहिला घाणा

"पहिला घाणा बिघडतोच!" हे आमच्या काकांचं ठरलेलं वाक्य. काकूंच्या चकल्या तेलात विरघळोत, नाहीतर माझा इंटरव्ह्यू आपटो, काकांचं उत्तर तेच.

टेक्सासमधल्या फ्रिस्को गावात आमचा शेजार. काका मूळचे नागपूरचे, पण लेकीने नवरा केला तिथलाच. व्याही धिप्पाड, दाढीवाले आणि मुलखाचे अबोल. त्यांचा एकच नाद, गॅरेजमध्ये शिसं वितळवून नेमबाजीच्या गोळ्या ओतायच्या. दोघं भेटले की "हॉट टुडे", "व्हेरी हॉट" एवढं होई आणि मग दोघंही पंख्याकडे बघत बसत.

काकांना ते फार लागायचं. "पोरीचं सासर आहे रे, आणि व्याह्याशी दोन शब्द बोलता येऊ नयेत?"

म्हणून काकांनी गोळ्या ओतायला घेतल्या! या माणसाने उभ्या जन्मात टिकल्यांचं पिस्तूलही उडवलं नव्हतं. साचा नीट तापलाच नाही, त्यामुळे गोळ्या मनुकांसारख्या सुरकुतलेल्या निघाल्या. मग गोळ्यांना रंग चढवायचा होता, म्हणजे शिसं बंदुकीच्या नळीला चिकटत नाही. रंगाच्या कोरड्या पावडरीत गोळ्या घोळवायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायच्या. घोळवायला श्रीखंडाचा रिकामा डबा घेतला आणि ओव्हन काकूंचा, नानकटाईचा! सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून गुलाबी चिक्की तयार झाली.

"हा ओव्हन परत माझ्या किचनमध्ये दिसला ना, तर तुम्हीही गॅरेजमध्येच झोपा," काकू म्हणाल्या.

"अगं, पहिला घाणा..."

शेवटी लेकीकडून हे कळलं आणि व्याह्यांनीच शिकवायला बोलावलं. नेमका दसरा होता. काका झब्बा घालून, कुंकू-नारळ घेऊन निघाले. फोटो काढायला मला सोबत घेतलं. गॅरेजमध्ये शिसं वितळून तयार होतं.

"वन मिनिट! फर्स्ट पूजा!" म्हणत काकांनी भांड्याशेजारीच नारळ फोडायला हात उचलला.

"नो!" अबोल व्याही असे गरजले की माझा फोन पडला. त्यांनी काकांना नारळासकट उचललं आणि थेट ड्राइव्हवेवर नेऊन ठेवलं.

काका संतापाने लाल झाले. "पूजेवरून उठवलं मला! संपलं आता सगळं!" मलाही वाटलं, सोयरीक मोडली.

व्याही धापा टाकत सांगू लागले, "वितळलेल्या शिशात पाणी पडलं तर ते उसळतं, बडी. तुझा चेहरा जळला असता." मग कुठे थेंब उडाला नाही ना, म्हणून ते काकांचा झब्बा चाचपू लागले. काकांनी त्या हातांकडे पाहिलं आणि त्यांचा राग उतरला.

"फर्स्ट घाणा," काका हळूच म्हणाले आणि या शब्दाचा अर्थ सांगता सांगता चकल्यांपर्यंत पोचले. नारळ ड्राइव्हवेवर फुटला. खोबरं खात दोघं जेवणवेळ टळेपर्यंत बोलत होते. पुढे दर शनिवारी काकांची घडीची खुर्ची त्या गॅरेजमध्ये असायची.

गेल्या उन्हाळ्यात काका वारले. दसऱ्याला मी व्याह्यांकडे आपट्याची पानं म्हणून अंगणातली कसलीतरी पानं घेऊन गेलो. ते ड्राइव्हवेवर एकटेच नारळ आपटत होते. नारळ फुटेना. तिसऱ्यांदा तो हातातून निसटला आणि गडगडत शेजारच्या लॉनवर गेला. त्याच्या मागे तो एवढा थोरला माणूस धावला, नारळ छातीशी धरून परत आला आणि मला म्हणाला,

"पैला गाना!"

आम्ही दोघंही खूप हसलो. मग गॅरेजमधल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना, म्हणून परत नारळाच्या मागे लागलो.