पहिल्या रांगेतलं हसू

विनोदानं पुढारी वठणीवर येतात असं कोणी म्हणालं, की माझं डोकं फिरतं. परवा एका तरुण प्राध्यापकानं भाषणात हेच सांगितलं आणि समोरची मंडळी नंदीबैलासारखी माना डोलवत बसली. मी मध्येच उठलो आणि बाहेर जाऊन चहा प्यायलो. त्या पोराला काय सांगणार? तो आमच्या पेठेत वाढलेला नव्हता आणि त्यानं वखारवाल्यांना हसताना पाहिलेलं नव्हतं.

वखारवाले म्हणजे आमच्या पेठेचे पुढारी. लाकडाची मोठी वखार होती, म्हणून सगळे त्यांना वखारवालेच म्हणत. संस्थान होतं तोवर हे गृहस्थ फेटा बांधून दरबारातल्या बड्या लोकांच्या मागंमागं फिरायचे आणि प्रजेच्या सभेला जाणाऱ्या पोरांना चौकात उभं करून दम द्यायचे. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच आठवड्यात फेटा पेटीत गेला, डोक्यावर पांढरी टोपी आली. "आपुन पहिल्यापासनं चळवळीतच हुतो की!" असं ते भेटेल त्याला सांगायला लागले. सरडा रंग बदलतो, त्याचं नवल नाही. पण लोक "व्हय, व्हय" म्हणायला लागले, याचा राग मला आजही येतो. ज्यांनी त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या तेच पुढं होऊन त्यांना हार घालत होते.

मी तेव्हा एका खाजगी शाळेत मास्तर होतो आणि पेठेतल्या तालमीच्या मेळ्यासाठी लिहायचो. गणपतीच्या दिवसांत गल्लोगल्लीची पोरं मेळे काढायची. आधी दोन-चार पदं, मग एक फार्स, आणि त्या फार्सात गावातल्या बड्या धेंडांची यथेच्छ टोपी उडवायची, असा रिवाज. सिनेमाला पैसे पडायचे, मेळा फुकट. त्यामुळं सगळी पेठ लोटायची आणि मेळ्यातलं एखादं वाक्य दिवाळीपर्यंत लोकांच्या तोंडात राहायचं. माझ्याही डोक्यात थोडी हवा शिरली होती. आपण लिहितो म्हणून लोक घाबरतात, असं मला वाटायचं.

तालीम म्हणजे एक बसकी खोली आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली हौदा. कुस्तीच्या या हौद्यातली लाल माती वस्ताद स्वतः ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायचे. वस्ताद पन्नाशी ओलांडलेले, दोन्ही कान मोडलेले, आवाज नगाऱ्यासारखा. त्यांना बायको होती, मुलं होती, पण त्यांचा जीव त्या मातीत. जोडा घालून कोणी हौद्याच्या कडेलासुद्धा उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. ही जागा जुन्या काळी दरबारातून तोंडी मिळाली होती. दिली ती दिली, कागद कोण मागतो? विलीनीकरणानंतर ती नगरपालिकेकडं आली, आणि वखारवाल्यांना तिथं टॉकीज बांधायचं सुचलं.

सुचणारच. गावातच सिनेमाचे स्टुडिओ होते आणि सगळ्या गावाला सिनेमाचं खूळ लागलं होतं. ज्याला बघावं तो कुठल्या तरी चित्रपटात भाला धरून गर्दीत उभा राहून आलेला. तालमीतली पोरं पहाटे जोर काढायची सोडून आरशापुढं भांग पाडायला लागली होती. आमच्या मेळ्याचा सोंगाड्याही दिवसा स्टुडिओत एक्स्ट्राचं काम करायचा. सकाळी मावळा होऊन शत्रूला मारायचा, दुपारी शत्रूची दाढी लावून मावळ्यांच्या हातून मरायचा. संध्याकाळी तालमीत येऊन मारणं आणि मरणं दोन्ही करून दाखवायचा. कुस्तीत तो कच्चा, पण नक्कल अशी करायचा, की ज्याची करायचा त्याच्या आईलाही फरक कळला नसता. लहानपणापासून माझा दोस्त होता.

त्या वर्षी मी फार्स लिहिला तो हौद्यावर. सोंगाड्या वखारवाले होऊन यायचा. एका खिशातून फेटा काढायचा, दुसऱ्या खिशातून टोपी, आणि समोर कोण आहे ते बघून डोक्यावर काय घालायचं ते ठरवायचा. मग काठीनं हौदा मोजायचा. "हितं खुर्च्या, हितं पडदा, आनि वस्ताद, तुमी काळजी करू नका. तुमच्या जागंत तुमाला फुकट पास!" ह्या वाक्याला तालमीत पोरं लोळायची. वस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "त्येला बोलावलंय न्हवं?"

"कोणाला?"

"वखारवाल्याला. ज्येची टोपी उडवायची त्येला म्होरं बसवायचं, मास्तर. कुस्ती लावायची तर समोरासमोर. पाठीमागनं टांग मारायला आपुन काय चोर हाय?"

आमच्या पेठेचा हा जुनाच खाक्या. शिवी द्यायची तर दार वाजवून, घरधन्याला बाहेर बोलावून. पाठीमागं बोलणाऱ्याला तालमीत कोणी पाणी विचारत नसे. म्हणून ज्याची अब्रू काढायची त्यालाच नारळ देऊन, "अध्यक्ष व्हा" म्हणून आम्ही रीतसर आमंत्रण दिलं. मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पेठेनं नगरपालिकेवर मोर्चा न्यायचा हेही ठरलं होतं. फार्स बघून लोक पेटतील आणि त्याच उबेत निघतील, असा आमचा हिशेब.

वखारवाले आले. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून, पायावर पाय टाकून बसले. गॅसबत्तीच्या उजेडात पांढरी टोपी नुसती झळकत होती. सोंगाड्यानं खिशातून फेटा काढला आणि मी पडद्याच्या फटीतून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. आता उठतात, आता लाल होतात, असं मला वाटत होतं. ते हसले. आधी गालात, मग मोठ्यानं, मग पोट धरून. टोपीच्या विनोदावर त्यांनी शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली. फुकट पासावर तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक रंगमंचाकडं बघायचे सोडून त्यांच्याकडंच बघायला लागले, आणि ते हसले की लोक हसायला लागले. फार्स माझा, पण त्याचा ताबा पहिल्या रांगेकडं गेला होता.

संपल्यावर ते स्वतः स्टेजवर चढले. "माझी अशी हुबेहूब नक्कल मला सोताला जमली नसती!" म्हणाले. प्रचंड टाळ्या. मग माणसाला सांगून दोन फेटे मागवले. घरून येतानाच आणले होते, लबाडानं! एक सोंगाड्याला बांधला. दुसरा घेऊन वस्तादांपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "वस्ताद, तुमी पेठेचं भूषण हाय. मान द्या." भर सभेत कोणी फेटा घेऊन पुढं आल्यावर मान मागं घेणं म्हणजे त्याच्या तोंडात मारणं. वस्तादांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली केली. परतताना बायकापुरुष सगळे एकच बोलत होते, "काय दिलदार मानूस! टोपी उडवली तरी हसला, बघ." हौद्याचं कोणी नावही काढलं नाही.

सकाळी दूध कट्ट्यावर वस्ताद भेटले. गवळ्यानं म्हशीखालून काढून दिलेला पेला हातात तसाच धरून उभे होते.

"मोर्चा न्हाय," म्हणाले.

"का?"

"ज्यानं फेटा बांधला त्येच्या नावानं दुसऱ्या दिशी बोंब मारायची व्हय?"

"मग फेटा परत द्या! चिंधीच ती. मी नेऊन टाकतो त्याच्या दारात."

"बांधल्याला फेटा परत करत न्हाईत, मास्तर. तुमी शिकल्याली मानसं. तुमाला न्हाय कळायचं."

मला कळत होतं, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड होत होता. या माणसाकडं ताकद होती, पेठ त्याच्या शब्दाबाहेर नव्हती, आणि दोन हात कापडानं त्याचे हातपाय बांधले होते. ज्यानं बांधले तो मानमरातब कशाशी खातात हेही जाणत नव्हता. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं, की वस्ताद जाणतात. मी कट्ट्यावर सगळ्यांदेखत वस्तादांवर ओरडलो. ते ऐकून घेऊन निघून गेले.

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. जागा गेली. निवडणुका आल्या तेव्हा वखारवाल्यांनी आमच्या सोंगाड्यालाच जीपमध्ये घातलं आणि पक्षाच्या प्रचाराला मुरगूड, नेसरी असं गावोगाव फिरवलं. आधी ह्यानं वखारवाल्यांची नक्कल करायची, फेटा-टोपीचा माझाच विनोद करायचा, गर्दी जमली की खुद्द वखारवाले भाषणाला उभे. मी त्याला गल्लीत गाठलं.

"लेका, मी लिहिलं ते कशासाठी आणि तू वापरतोस कशासाठी?"

"आरं, मानसं तितकीच हसत्यात की!" तो म्हणाला. "स्टुडिओत मी रोज मरतोय, कुनी बघत न्हाय. हितं जीपमधनं नेत्यात, मटनाचं जेवान घालत्यात, नाव घेऊन हाक मारत्यात. तुझ्या हौद्यात मला कुनी इचारलं हुतं?"

त्याचं बोलणं खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो. वर्षभर त्याच्याशी बोललो नाही.

हौदा खणला तेव्हा लाल माती बैलगाड्यांतून गेली. कोणी म्हणालं बागेत टाकली, कोणी म्हणालं रस्त्याच्या भरावात. वस्तादांनी त्यातली एक घागरभर घरी नेऊन देवघराजवळ ठेवली. टॉकीजचं उद्घाटन झालं त्या दिवशी वखारवाल्यांचा माणूस वस्तादांच्या दारात आला आणि हसत हसत फुकट पास देऊन गेला. माझंच वाक्य! मी लिहून दिलेला विनोद वखारवाल्यांनी जसाच्या तसा वापरून दाखवला. हसेल त्याचे दात दिसतील म्हणतात, ह्या माणसाचे तर सुळेच दिसले होते, आणि तरी पेठ त्याला दिलदार म्हणत होती.

पुढच्या गणपतीला मी ठरवलं, विनोद बास. एकही हसण्याजोगं वाक्य लिहायचं नाही. नुसते वस्ताद स्टेजवर येतील आणि जे झालं ते सांगतील. वस्ताद जन्मात कधी स्टेजवर बोलले नव्हते. पण या वेळी तेच म्हणाले, "बोलतो. भांडत न्हाय, नुसतं इचारतो." भांडायचं नाही, हा त्यांनी फेट्याचा राखलेला मान.

वखारवाले पहिल्या रांगेत होतेच. आता त्यांना बोलवावंही लागत नव्हतं.

वस्ताद घागर दोन्ही हातांत धरून आले. मोडलेले कान, उघडं अंग, धोतराचा काचा. त्या खणखणीत आवाजात ते म्हणाले, "आपल्या हौद्यातली ही माती हाय. हिच्यात तुमी लोळला, तुमचं बाप लोळलं. आता मी म्हातारा झालो. मी गेल्यावर ही कुठं टाकायची, तेवढं सांगा."

मागून कोणी तरी ओरडलं, "बाल्कनीत टाका की, वस्ताद!"

आणि हशा फुटला. मेळा होता ना! मेळ्यात माणूस उभा राहिला म्हणजे तो हसवायलाच. लोकांना वाटलं, वस्तादांनीही वस्तादाचं सोंग काढलंय. आपल्या बापाच्या मातीवर पेठ खदाखदा हसली. वखारवाल्यांनी रुमालानं डोळे पुसले, उठले, स्टेजवर चढले आणि म्हणाले, "फेटा आना रं, फेटा!" वस्तादांचे दोन्ही हात घागरीला गुंतलेले. ते नुसते उभे राहिले आणि वखारवाल्यांनी सावकाश, एकेक वेढा देत फेटा बांधला.

मला राहवलं नाही. मी पडदा ढकलून पुढं आलो आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "हसू नका! अरे, हसू नका!"

त्या दिवशीचा सगळ्यांत मोठा हशा मला मिळाला.